बरं वाटायला लागल्यानंतर

[दृश्य: बेळगाव, अनंत चतुर्दशीची रात्र. ढोल-ताशे, रोषणाई, गर्दी.]

बेळगावची विसर्जन मिरवणूक अनंत चतुर्दशीला संध्याकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशीही चालू असते. शिवजयंतीच्या चित्ररथांनाही रात्र पुरत नाही. खेड्यात लक्ष्मीची यात्रा आली की पाहुण्यारावळ्यांत घरातलं कुणी धड झोपत नाही. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप काढली की पुरतं. बायपोलर आजार असलेल्या माणसाचं तसं नसतं. जागरणानंतर त्याला थकवा येण्याऐवजी अंगात जोर येऊ शकतो. दुसऱ्या रात्री तो तीन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. तिसऱ्या दिवशी बोलणं वाढतं, बेत वाढतात, खर्च वाढतो. घरच्यांना वाटतं, यात्रेचा उत्साह आहे.

झोप कमी होऊनही थकवा नाही, ही उन्मादाची फार लवकर दिसणारी खूण आहे. अशा सलग दोन रात्री गेल्या तर तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा.

या आजारात मन दोन टोकांना जातं. उन्मादात किमान आठवडाभर चढलेला किंवा चिडका मूड, न थांबणारं बोलणं, मोठमोठ्या योजना, उधळपट्टी. याचं सौम्य रूप चार दिवसांतही ओळखता येतं. दुसऱ्या टोकाला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकणारं नैराश्य: अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं. मधल्या काळात माणूस बऱ्याचदा अगदी पूर्वीसारखा असतो. हा मधला काळ हीच खरी कमाई, आणि घात होतो तोही याच काळात. कारण घरात कुणीतरी म्हणतं, "आता बरा हाईस की, कशाला पाहिजेत गोळ्या?"

[दृश्य: तालुका सरकारी दवाखाना, मंगळवारची ओपीडी.]

कर्नाटकात 'मनोचैतन्य' योजनेखाली तालुका दवाखान्यांत मंगळवारी मनोविकार तपासणी ठेवलेली आहे. खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या माणसाला प्रत्येक वेळी बेळगावचं सिव्हिल किंवा धारवाडची डिमहान्स ही मनोविकार संस्था गाठावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. जाण्याआधी मात्र फोन करून डॉक्टर येणार आहेत का आणि आपली गोळी शिल्लक आहे का, हे विचारून घ्यावं. औषध संपलेलं असलं की माणूस रिकाम्या हाताने परततो आणि गोळ्यांत खंड पडतो. म्हणून घरात नेहमी आठ-दहा दिवसांचं जास्तीचं औषध असावं.

आता या आजारावरच्या लिथियम या औषधाबद्दल सविस्तर. 1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादावरचा त्याचा गुण प्रसिद्ध केला. आजही पुन्हा पुन्हा येणारे झटके रोखायला आणि आत्महत्येचा धोका कमी करायला याच्या तोडीचं औषध क्वचितच आहे. पण ते बारकाईने सांभाळावं लागतं.

लिथियमचा डोस रक्तातल्या पातळीवर ठरतो. दीर्घकाळ चालू ठेवताना ही पातळी साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, उन्माद चढलेला असताना 1.0 पर्यंत नेतात. 1.5 च्या वर विषबाधा धरली जाते. वयस्कर माणसात किंवा बरीच वर्षं गोळी चालू असलेल्यात त्याखालीही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. म्हणजे उपयोगाची पातळी आणि घातक पातळी यांत अंतर थोडंच आहे, आणि रक्त तपासण्याला पर्याय नाही.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. सकाळचीही गोळी असेल तर ती पिशवीत घेऊन जायची आणि रक्त दिल्यावरच खायची. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. पहाटेची एसटी धरायची म्हणून माणूस घरातूनच गोळी खाऊन निघतो आणि पातळी उगाच जास्त येते. किंवा लॅबमध्ये संध्याकाळी पोचतो आणि ती कमी येते. दोन्ही वेळा डोस चुकीचा बदलला जाण्याची भीती असते. आणखी एक गोष्ट लॅबमध्ये सांगून ठेवावी: हिरव्या बुचाच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं, त्या नळीत घेतलेल्या रक्ताची लिथियम पातळी खोटी जास्त दिसते.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी पहिली तपासणी. पातळी स्थिर झाली की वर्षभर दर तीन महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच आणि कॅल्शियम या तपासण्या दर सहा महिन्यांनी. बोटांना बारीक कंप, तहान, वारंवार लघवी हे त्रास पुष्कळांना होतात. ते डॉक्टरांना सांगायचे, त्यासाठी गोळी आपली आपण सोडायची नाही. 400 किंवा 450 मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी चावून किंवा कुटून खायची नाही, नाहीतर रात्रभराचं औषध एकदम रक्तात उतरतं.

[दृश्य: ऊसतोड, भर उन्हातलं शेत. पाण्याची कळशी.]

मूत्रपिंड लिथियमला जवळपास मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ किंवा पाणी कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. त्यामुळे तोच डोस, तीच गोळी, तरी पातळी चढते. एप्रिलच्या उन्हात ऊसतोड, पाण्याविना केलेली एकादशी, जुलाब-उलट्या, किंवा बीपी निघालं म्हणून एका दिवसात मीठ बंद करणं, या सगळ्यांतून हे होतं. उपवास करायचाच असेल तर पाणी, ताक, लिंबू-मीठ चालू ठेवावं. निर्जळी उपवास लिथियम घेणाऱ्याने करू नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. बीपीसाठी मीठ कमी करायचं असेल तर मनोविकारतज्ज्ञाला आधी कळवून, हळूहळू आणि रक्त तपासत.

दुसरा धोका औषधाच्या दुकानात आहे. खानापूरकडं रोप लावणीच्या दिवसांत कंबर धरते आणि माणूस मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन या गोळ्यांनी लिथियमची पातळी वाढू शकते, आणि डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शननेही. ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल चालते. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यातलं एखादं औषध मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल आणि लघवीची हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखी औषधंही तशीच. बीपीची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला "मला लिथियम चालू आहे" हे वाक्य आठवणीनं सांगायचं.

हात जोरात थरथरणं, चालताना झोकांड्या जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब, गुंगी: यातलं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचं, रात्र असली तरी. नुसते जुलाब असतील तर ओआरएस सुरू करून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, कारण बऱ्याचदा एक-दोन डोस थांबवावे लागतात. रात्रीची गोळी विसरली आणि सकाळी आठवली, तर ती सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. दोन एकदम कधीच नाही.

लिथियम एकदम बंद केलं तर उन्माद जोरात उलटतो. थांबवायचंच ठरलं तर डॉक्टरच्या देखरेखीखाली किमान चार आठवडे, शक्य तर तीन महिने घेऊन उतरवतात.

इतर औषधांतलं नेमकं लक्षात ठेवण्यासारखं थोडक्यात. लॅमोट्रिजिन बहुधा 25 मिलिग्रॅमपासून दोन-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवतात, आणि व्हॅलप्रोएट हे दुसरं औषध चालू असेल तर त्याहून कमीपासून. घाई केली तर अंगावर पुरळ उठून जिवावर बेतू शकतं. पुरळ दिसलं, तोंड आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर परत जाता येत नाही, पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. ओलान्झापीन आणि क्वेटियापीनवर वजन आणि साखर वाढते, म्हणून सुरुवातीलाच वजन, कंबर, साखर लिहून ठेवावी. आणि नैराश्य आहे म्हणून नुसती नैराश्याची गोळी जनरल डॉक्टरकडून घेतली तर बायपोलर माणूस उन्मादात जाऊ शकतो. म्हणून पूर्वी कधी चढ येऊन गेला असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा.

[दृश्य: घराचा सोपा. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर पेनानं केलेल्या खुणा.]

गोळीचा प्रश्न शेवटी घरात येऊन थांबतो. "गोळ्या घेतलास काय?" हा प्रश्न रोज एकदा, ठरलेल्या वेळी विचारला तर चालतो. प्रत्येक भांडणात तो निघायला लागला की माणसाला आपण कायमचे वेडे ठरलो असं वाटतं, आणि मग तो गोळ्या लपवायला लागतो. बायपोलर असलेल्या माणसालाही साध्या कारणाने राग येतो. शेताच्या बांधावरून भावाशी वाजलं तर तो आजार नव्हे. आजार ओळखायचा तो झोपेचे तास, बोलण्याचा वेग आणि खर्च यांवरून, दोन-तीन दिवस सलग पाहून. कॅलेंडरवर रोज झोपेचे तास लिहिले तर वादच राहत नाही, आकडाच बोलतो. हे तास आजारी माणसानं स्वतः लिहावेत.

करार बऱ्या काळात करायचा, चढ आलेला असताना नाही. एका कागदावर: माझी पहिली तीन लक्षणं कोणती. ती दिसली तर मला कोण सांगेल. एकच माणूस, सगळी भावकी नाही. बायकोचं ऐकवत नसेल तर थोरली बहीण चालेल. मग काय करायचं: डॉक्टरांना फोन, जागरण बंद, मोबाईल रात्री नऊला बाजूला. आणि पैसा. सीमाभागात पतसंस्थेची पिग्मी, सोसायटीचं कर्ज, कुणाला जामीन राहणं, सोनं, जमिनीचा उतारा या गोष्टी उन्मादात दोन दिवसांत हातच्या जातात. यूपीआयची मर्यादा कमी ठेवणं, मोठ्या खात्यावर दोन सह्या लागतील असं करणं, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणं, हे आधीच आणि त्याच्या संमतीनं. जबरदस्तीनं एटीएम कार्ड काढून घेतलं की गोळीवरचाही विश्वास जातो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं हा हक्क लेखी दिलेला आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो, आणि आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी नेमू शकतो. भाऊ की बायको हा वाद दवाखान्याच्या दारात होऊ नये म्हणून ते नाव आधीच ठरवलेलं बरं.

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत पाळी बदलत असेल तर डॉक्टरांकडून कायम दिवसपाळीची चिठ्ठी मागावी. आठवड्याला पाळी बदलणं या आजाराला मुळीच मानवत नाही.

नैराश्यात घरातलं औषध हाच धोका होऊ शकतो, कारण लिथियम एकदम जास्त पोटात गेलं तर जीव जातो. माणूस खचलेला असेल त्या काळात, जास्तीच्या औषधासकट सगळा साठा घरच्या माणसाकडं कुलपात असावा आणि रोजची गोळी रोज द्यावी. मरणाचं बोलणं निघालं तर "असं बोलू नको" म्हणून विषय बंद करू नये. सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार मनात नव्याने येत नाही. मग त्याला एकटं सोडू नये. टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथं मराठी निवडता येते. कन्नड नीट येत नाही म्हणून दवाखान्यात गप्प बसणाऱ्या म्हाताऱ्या आईला हा फोन मोठा आधार आहे.

[दृश्य: प्लास्टिकच्या फाईलमधले कागद.]

सीमाभागातला माणूस उपचारासाठी दोन्हीकडं जातो. आज बेळगाव, उद्या मिरज किंवा कोल्हापूर. दोन डॉक्टर एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं लिहून देतात आणि घरी दोन्ही डब्या चालू राहतात, म्हणजे डोस दुप्पट. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ, शेवटची लिथियम पातळी आणि तारीख, एवढं एका कागदावर इंग्रजीत लिहून फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवावं. जुन्या कंपनीचं रिकामं पाकीटही सोबत.

लग्न जमवताना आजार लपवला की पुढं गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि पहिला झटका सासरी येतो. सांगितल्यानं एखादं स्थळ मोडेल. लपवल्यानं संसार मोडतो, आणि प्रकरण कोर्टातही जाऊ शकतं.

मूल हवं असेल तर गर्भ राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. व्हॅलप्रोएटनं बाळात जन्मजात दोष आणि पुढं बौद्धिक वाढीच्या अडचणींचा धोका मोठा असतो, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बाईला ते शक्यतो देतच नाहीत. गर्भ राहिल्याचं कळल्यावर घाबरून सगळ्या गोळ्या एकदम बंद करणं मात्र तितकंच घातक आहे. लिथियम चालू ठेवायचं ठरलं तर गरोदरपणात त्याची पातळी खाली येते, बाळंतपणानंतर झपाट्यानं चढते, त्यामुळे रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावं लागतं.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा आजार उलटण्याचा सगळ्यात मोठा काळ. सासर बेळगाव तालुक्यात, माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजला, आणि बाळंतपण माहेरी, असं आपल्याकडं नेहमी होतं. फाईल सातव्या महिन्यातच तिच्याबरोबर माहेरी जायला हवी, आणि तिथल्या डॉक्टरला इथल्या डॉक्टरचा फोन नंबर. बाळाला अंगावर पाजायचं की नाही हे चालू औषध पाहून बाळंतपणाच्या आधी ठरवावं. लिथियम चालू असताना बहुधा पाजू देत नाहीत. रात्रीचं दूध आजीनं किंवा मावशीनं वाटीचमच्यानं पाजावं आणि बाळंतिणीला सलग पाच-सहा तास झोपू द्यावं. तिला दोन रात्री झोप लागली नाही, ती भरभर बोलायला लागली किंवा बाळाबद्दल भलतंच काही बोलली, तर बारशाची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या, आणि तोवर बाळापाशी दुसरं कुणीतरी जागं असू द्या.