सिग्नल सुटल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात गाडी चालवते आहे. घरात कुणावर आवाज न चढवणारी माणसं गाडीत बसली की काय काय बोलतात, ते ऐकायचं असेल तर सकाळी दहाला कर्वे रोडला यावं. "दिसत नाही का?", "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" ही वाक्यं मीही बोलले आहे, अगदी काच खाली करून. माझी आई शेजारी बसली की वरचं हँडल घट्ट धरायची आणि उतरताना विचारायची, "आज किती जणांशी भांडलीस गं?"

एका जूनमधली गोष्ट. नळस्टॉपचा सिग्नल सुटला आणि पुढची स्कूटर हलेना. मी हॉर्नवर हात दाबून धरला. मग दिसलं. स्कूटरवर एक बाई होती, पुढे पायाशी दप्तर, आणि दप्तरावर उभं राहून पेंगणारं चार-पाच वर्षांचं पोर. त्याचं डोकं हँडलवर आपटू नये म्हणून तिने डावा हात त्याच्या कपाळाला लावला होता. माझ्या हॉर्नने ते दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. बाईने मागे वळून पाहिलं, बोलली काहीच नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, इतकं मला लागलं.

मला वाटतं, रस्त्यावरचा राग इथूनच येतो. मंडईत धक्का लागला तर समोर चेहरा असतो, "अहो, सॉरी" म्हटलं की मिटतं. रस्त्यावर फक्त नंबरप्लेट दिसते. आणि आपल्याकडे बोलायला शब्द एकच, हॉर्न. "सांभाळा", "धन्यवाद", "मूर्खा", सगळं त्यातच. कट मारणाऱ्याला वाटतं आपण जागा शोधली. मागच्याला वाटतं आपला अपमान झाला.

एकदा मी हिशोब मांडला. कोथरूड ते शिवाजीनगर साधारण सहा किलोमीटर. ताशी तीसने गेलं तर १२ मिनिटं, चाळीसने ९. एवढं घुसून, डिपर मारून वाचतात ती तीन मिनिटं, आणि तीही पुढचा सिग्नल परत घेतो. उलट ताशी चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. तेवढा वेळ मान वळवून कुणाला तरी खडसावण्यात गेला, तर अकरा मीटर आपण न बघता गेलो. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर तिथे किंवा कुठेही विनाकारण हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी एक हजाराचा दंड आहे. पण मला दंडाने शिकवलं नाही, त्या कपाळावरच्या हाताने शिकवलं.

आता मी दहा मिनिटं आधी निघते. एवढा एकच बदल, पण रागाचं निम्मं इंधन तिथेच संपतं. कुणी कट मारला की मनात म्हणते, असेल बाबा कुणी दवाखान्यात. खरं असो-नसो, ब्रेकवरचा पाय शांत राहतो.

परवा आईला डॉक्टरांकडे नेत होते. नळस्टॉपला पुढची रिक्षा हिरव्यावर जरा रेंगाळली. मी हात हॉर्नपासून दूर ठेवला. शेजारी पाहिलं तर आईचा हात हँडलवर नव्हता. तिला डुलकी लागली होती.