शिशाची चमक घालवताना

मित्रहो, गळाला लावायचं शिशाचं वजन साच्यातून नुकतंच काढलेलं असलं की देखणं दिसतं. बोटांत फिरवलं की उजेडाची तिरीप त्याच्यावरून सरकत जाते. नितळ, उथळ पाण्यात गळ टाकणाऱ्याला नेमकी तीच नको असते. बुजरा मासा बिचकतो, आणि दातेरी शिकारी मासा आमिष सोडून वजनावरच झडप घालतो, वर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तोडून जातो. पाणी गढूळ असेल तर या खटाटोपात पडूच नका.

चमक घालवायचा सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे व्हिनेगर. वजनं त्यात बुडवून ठेवा, काळवंडतात. काळवंडतात हे खरंच आहे. पण त्या भांड्यात काय घडतं ते नीट पाहू, कारण माझा सगळा विरोध तिथे आहे.

व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून शिसं खातात आणि लेड अ‍ॅसिटेट तयार होतं. हा क्षार पाण्यात सहज विरघळतो आणि चवीला गोड असतो. प्राचीन रोममध्ये द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यांत आटवत, तेव्हा हाच क्षार त्यात उतरायचा. धातूच्या रूपातलं शिसं कातडीतून फारसं आत जात नाही. हा क्षार मात्र बोटांवरून तोंडात गेला की पोटातून रक्तात मिसळायला वेळ लागत नाही. वजनं बाहेर काढून वाळवली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यांच्यावर पांढरी पूड धरते. चित्रकारांचा जुना सफेदा तो हाच. युरोपात तो मुद्दाम बनवत: मडक्याच्या तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पट्टीची गुंडाळी, आणि अशी मडकी शेणखतात रचून महिनोन्‌महिने ठेवायची. खताची ऊब आणि त्यातून निघणारा वायू यांनी शिशावर पांढरी खपली धरे. ती काढणारे कामगार विषबाधेनं आजारी पडत. तोच उद्योग आपण घरच्या बादलीत कशासाठी करायचा? शिशाची कुठलीच मात्रा निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सर्वांत जास्त धोका लहान मुलांना असतो.

हवा हेच काम आपणहून करते. ताज्या शिशावर आधी ऑक्साइडचा पापुद्रा येतो, मग दमट हवेत त्याचा राखाडी थर होतो. तो पातळ असतो, घट्ट चिकटतो आणि खालच्या धातूला राखतो. वजनं ट्रेमध्ये एकमेकांना न चिकटता मांडा, मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत नसलेल्या हवेशीर जागी ठेवा, अधूनमधून उलटा. काही आठवड्यांत चमक जाते. नखानं ओरखडा उठत असेल तर शिसं मऊ आहे, ते लवकर मंद होतं. अँटिमनी हा दुसरा धातू मिसळलेलं कडक शिसं बरेच दिवस चमकत राहतं, तिथे धीर धरावा लागतो.

धीर नसेल तर रंग द्या. मला पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड उष्णतेनं बसवणं, सर्वांत आवडतं. वजन साधारण १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, क्षणभर पावडरीत बुडवायचं, आणि मग ओव्हनमध्ये तेवढ्याच तापमानाला वीसेक मिनिटं पक्कं करायचं. शिसं वितळतं ३२७ अंशांना, त्यामुळे आकार बिघडत नाही. तो ओव्हन पुन्हा अन्नासाठी वापरायचा नाही, हे निक्षून सांगतो. साधा मॅट रंगही चालतो, पण आधी धातूचा प्रायमर हवा, नाहीतर पहिल्याच दगडावर टवका उडतो. ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरवली तर वजन तळाशी दिसेनासंच होतं. रंगापूर्वी कोरडा सँडपेपर मारू नका, शिशाची धूळ उडते. साच्यामुळे कडेला राहिलेली पातळ किनार सुरीनं कापून टाका.

रंगानं शिसं निरुपद्रवी होत नाही, हेही लक्षात असू द्या. हंस छोटी वजनं गिळून मरू लागले म्हणून ब्रिटननं १९८७ मध्ये २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आणली.

वजनं ठेवायला ओकच्या लाकडाची पेटी घेऊ नका. त्या लाकडातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते, आणि बंद पेटीत शिशावर तीच पांढरी पूड धरते. संग्रहालयांतल्या शिशाच्या वस्तूंचंही असंच नुकसान होतं. प्लास्टिकचा कोरडा डबा घ्या. पूड दिसलीच तर झटकू नका, हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.