दहावी पेंढी कोणाची?

कापणी झालेलं शेत. पेंढ्यांच्या दर दहाव्या ढिगावर एक हिरवी डहाळी खोचलेली. डहाळी खोचली, की तेवढं धान्य शेतकऱ्याचं राहिलं नाही. हा इंग्लंडमधला चर्चचा दशमांश. तो वेगळा न काढता पीक घरी नेलं, तर 1549 च्या कायद्यानं तिप्पट किंमत भरावी लागे.

धान्य, गवत आणि लाकूड यांवर हक्क रेक्टरचा, म्हणजे गावच्या चर्चच्या उत्पन्नाच्या मुख्य हक्कदाराचा. कोकरं, दूध, फळं सहसा व्हिकरची, म्हणजे रेक्टरच्या जागी चर्च सांभाळणाऱ्या पाद्र्याची. पण रेक्टर पाद्रीच असेल असं नव्हतं. आठव्या हेन्रीनं मठ मोडले, त्यांचे हक्क इतरांकडे गेले. 1546 मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या वाट्याला असे बरेच दशमांश आले. कॉलेजच रेक्टर झालं! वसुली आणि चर्चची इनाम जमीन बहुधा मक्त्यानं दिली जाई. 1576 च्या कायद्यानं कॉलेजांच्या खंडाचा तिसरा हिस्सा धान्यात ठरला. बाजारभाव चढला, की कॉलेजचं उत्पन्नही चढे.

गावात मात्र उलट घडलं होतं. कित्येक ठिकाणी पिकाऐवजी काही पेन्स देण्याची जुनी वहिवाट होती. तिला म्हणत मोडस. पैशाची किंमत घसरत गेली, आकडा तोच राहिला. म्हणून मक्तेदार पुन्हा पेंढ्याच मागू लागे. खटले इथेच पेटत.

मोडस टिकवायचा, तर तो 3 सप्टेंबर 1189 पासून, म्हणजे कायद्याच्या लेखी ‘अनादि काळा’च्या सीमेपासून, चालत आला आहे असं न्यायालयानं मानायला हवं. तेव्हाचा कागद कुणाकडे असणार? गावातले म्हातारे शपथेवर सांगत, ‘वडील एवढेच देत.’ पण रक्कम मोठी निघाली, तर बाराव्या शतकात एवढा दर असणंच शक्य नाही, म्हणून मोडस रद्द! व्यक्ती मरतात, कॉलेज मरत नाही. त्याची दप्तरं जपून असत. शेतकऱ्यावरचा हा भार अन्यायाचाच होता.

1832 च्या कायद्यानं कॉलेजसारख्या संस्थेविरुद्ध 60 वर्षांची वहिवाट पुरेशी ठरवली. 1836 मध्ये पेंढ्या मोजणं बंद करायचं ठरलं. गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर रोख आकारणी आली. त्यासाठी गावोगाव शेतन्‌शेताचे नकाशे काढले गेले.

रेक्टरच्या हक्काला एक कर्तव्यही चिकटलेलं होतं: चर्चमधल्या वेदीकडच्या भागाची डागडुजी. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी हे कर्तव्य चिकटलेली जमीन असलेल्या एका दांपत्यावर 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, तोच खर्च कायम केला.