पाकिटावरची किंमत

नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिला होता ‘नाणेसंग्रहाचं जतन’. मी म्हटलं, जतनावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला संग्रह कमी करण्यावर बोलू द्या. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची तरी साठी उलटलेली दिसते, तेव्हा विषय अगदीच परका वाटायचा नाही.

मी बँकेत कॅशियर होतो. 45 वर्षांत 2,800 नाणी जमली. मुलगा अमेरिकेत, मुलगी नाशिकला. दोघांनाही लहानपणी शिवराईवरचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यावरचं, ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ वाचायला शिकवलं. त्यांनी वाचलं, शाबासकी घेतली आणि खेळायला पळाली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांना सतारीचा नाद होता, मी कधी तारेला बोट लावलं नाही.

मुलगा एकदा म्हणाला, “बाबा, थोडी मी इकडे घेऊन येतो.” त्याला 1972 चा पुरावस्तू कायदा सांगितला. शंभर वर्षांहून जुनं नाणं तुम्हाआम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. मग ती सातवाहनांची मुद्रा असो की व्हिक्टोरिया राणीचा साधा रुपया. त्याला सुटल्यासारखं झालं, ते मला फोनवरही कळलं.

आता एक गोष्ट सांगतो, फारशी अभिमानाची नाही. 1983 साल. एका सराफाच्या पेढीवर बसलो होतो. एक बाई कापडी पिशवी घेऊन आल्या. मालक गेले म्हणाल्या, हे मोडीत घ्या. पिशवीत कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीवर बारीक, सुंदर अक्षरात काहीतरी लिहिलेलं. सराफानं पुड्या फाडल्या, नाणी तराजूत टाकली, कागद केराच्या टोपलीत. बाई गेल्यावर मी मोडीच्या भावावर थोडे वर देऊन त्यातली 31 नाणी उचलली. मराठेशाहीतले दोन अंकुशी रुपये होते, एक चांदवडी होता. खुशीत घरी आलो. टोपलीतल्या पुड्या उचलायचं मात्र मला सुचलं नाही. कुणाकडून, कुठं, कधी मिळाली, त्या गृहस्थांना काय वाटलं होतं, सगळं केरात गेलं. आपण वारसांच्या नावानं बोटं मोडतो, पण आपले संग्रह उभे राहिले ते दुसऱ्यांच्या वारसांना रस नव्हता म्हणूनच की!

म्हणून सत्तरी आली तेव्हा ठरवलं की आपल्या पुड्या आपणच उघडायच्या.

सुरुवात खोट्यापासून केली. रामदरबार आणि 1818 साल असलेली ‘कंपनी सरकारची’ तांब्याची नाणी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील. ईस्ट इंडिया कंपनीनं तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. माझ्याकडं चार निघाली. 1939 चा सहाव्या जॉर्जचा दुर्मीळ रुपया, ज्याच्यावर मी दहा वर्षं मिरवलो, तोही भिंगाखाली धरला तर शेवटचा आकडा कोरून बदललेला. त्या नाण्यांच्या पाकिटांवर लाल शाईनं ‘खोटं’ लिहिलं. हे मी लिहिलं नसतं, तर मुलीनं ते खरं म्हणून कुणाला तरी विकलं असतं आणि नाव माझं गेलं असतं.

मग चांदीचे रुपये. घरच्यांना सगळे सारखेच दिसतात. 1939 पर्यंतचा रुपया जवळपास 92 टक्के चांदीचा, वजन 11.66 ग्रॅम. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, 1947 चा तर निव्वळ निकेलचा. हे तीन ढीग मीच वेगळे केले आणि वर चिठ्ठ्या लावल्या.

शिशाची सातवाहन नाणी हा माझा गुन्हा. हौसेनं सागवानी कपाट करून घेतलं होतं. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात, हे कळेपर्यंत अकरा नाण्यांवर पांढरी भुकटी धरली होती. आणि कृपा करून विकायच्या आधी घरच्यांना चिंच-रांगोळीनं शिवराया घासू देऊ नका. लखलखीत शिवराईला जाणकार हात लावत नाही.

संग्रहालयाला देऊ, असं आपल्या सगळ्यांच्या मनात असतं. पण त्यांच्याकडं तीच नाणी पोत्यानं असतात. त्यांना हवी असते ती आपल्याकडची एखाददुसरी वेगळी, तीही नोंदीसकट. आणि मोबाईलवर ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये’ म्हणणाऱ्यांपासून पोराबाळांना सावध करून ठेवा. ते आधी कमिशन मागतात. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेलाच तसं पत्रक काढावं लागलं होतं, कारण हे लोक तिचंच नाव वापरत होते.

आता माझ्याकडं 214 उरलीत. बाकीची मेळाव्यात टेबल मांडून विकली. मागच्या खेपेला एक कॉलेजचा मुलगा आला. दुदांडी, म्हणजे दोन रेघांची, शिवराई बराच वेळ उलटसुलट करत होता. मी आठशे सांगितले. त्यानं पाकीट उलटं केलं, माझी नोंद वाचली: जुना बाजार, पुणे, 1987, रुपये चार.

“काका,” म्हणाला, “तुम्ही तर चार रुपयांना घेतलीय.”

सहाशेला दिली. नाणं त्यानं खिशात टाकलं आणि मी पाकीट चुरगाळायला लागलो, तर हात पुढं करून म्हणाला, “ते पण द्या ना.”