दोन ते चारचा पहारा

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय ते फौजेतून सुटून आलेल्या माणसाच्या मनाबद्दल. पेन्शनबद्दल नाही, कॅन्टीनबद्दल तर नाहीच. कॅन्टीनमध्ये काय काय मिळतं ते सगळा वाडा विचारतो. रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

पलटणीत देवाधर्माची सोय असते. सैन्यात धर्मगुरू हे रीतसर पद आहे. पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री, जशी पलटण तसे. रविवारी मंदिर परेड. परेडच ती, दांडी मारायची सोय नाही! जवान इस्पितळात पडला तर खाटेपाशी पंडितजी, सोबती गेला तर शेवटचे मंत्रही त्यांचेच. मग पस्तिशी-चाळिशीत जवान सुटतो. पेन्शनचे कागद मिळतात, औषधपाण्यासाठी 2003 पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. पंडितजी मात्र पलटणीतच राहतात. पुन्हा सांगतो, पंडितजी पलटणीतच राहतात.

आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावात एक हवालदार मामा आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतले. कारगिलनंतर दोन वर्षांनी घरी आले. दिवसा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत राबायचे, रात्री दोन वाजले की टक्क जागे. अंगणात फेऱ्या. मामी दारातून बघत राहायची. गावाने काय केलं? सव्वीस जानेवारीला मंचावर बसवून शाल-श्रीफळ दिलं. या शालींचं एकदा काहीतरी करायला हवं, बरं का. आपल्या गोव्याच्या उकाड्यात माणसाला लोकरीची शाल पांघरायची नि वर टाळ्या वाजवायच्या!

तर श्रावणात सातेरीच्या देवळात सप्ताह होता. नाव सप्ताह, पण आमच्याकडे तो चालतो एक दिवस नि एक रात्र. मध्ये समई, भोवती टाळ घेऊन भजन, ते खंडायचं नाही. वाड्यावाड्यांनी प्रहर वाटून घ्यायचे. संध्याकाळचे प्रहर सगळ्यांना हवे, दोन ते चार कुणालाच नको. (हल्ली काही ठिकाणी त्या वेळी पेन ड्राइव्हवर भजन लावून देतात. यंत्र जागतं, गाव घोरतो. असो.) भटजींनी यादी वाचली, दोन ते चारला कोण? सगळे खाली बघतात. मामा मागून म्हणाले, "मी हाय."

गळा बेताचाच. पण चार पोरं हाताशी घेऊन 'जय जय रामकृष्ण हरी' धरलं ते सोडलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. साडेतीनच्या सुमारास वीज गेली. उरली ती समई. तेवढ्यात पायऱ्यांवर कोणाची तरी पावलं वाजली, आणि मामांच्या तोंडून गेलं, पहाऱ्यावरच्या जवानासारखं, अगदी ठणकावून:

"थम! कौन आता है?"

टाळ थांबले. एक पोरगा फिस्सकन हसला. मामांचा चेहरा, काय सांगू, समईच्या उजेडातही उतरलेला दिसला. आणि तेव्हा काळोखातून उत्तर आलं:

"दोस्त."

आत आले ते खालच्या वाड्यावरचे म्हातारे. आम्हाला ठाऊक ते फेणीच्या बाटलीपुरते. डोक्यावर गोणपाट, अंगावर पाणी निथळतंय. एकाहत्तरच्या लढाईत ते होते, हे गावात तिघा-चौघांना माहीत असेल नसेल. मामा म्हणाले, "आगे बढो." म्हातारे पुढे आले, गोणपाट खुंटीला अडकवलं, खाली पडलेला टाळ उचलला. पोरांनी पुन्हा रामकृष्ण हरी धरलं. चारला बदली आली तरी दोघं जागचे हलले नाहीत. सकाळी मामी चहा घेऊन आली तर मामा खांबाला टेकून गाढ झोपलेले. मामीने चहा तसाच परत नेला.

मामा एका रात्रीत बरे झाले, असं मी म्हणणार नाही. झोपेच्या गोळ्या त्यांनी पुढे बरेच दिवस घेतल्या, आणि घ्यायलाच हव्या होत्या. भजन डॉक्टरच्या जागी नाही. ज्यांच्या घरी असं कोणी रात्र-रात्र जागतंय त्यांनी टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या. फुकट आहे. एक चार चार एक सहा. परत सांगतो, एक चार चार एक सहा.

पण डॉक्टर दिवसा भेटतो. रात्री दोनला काय? देवळात, चर्चमध्ये, मे महिन्यात खुरसाकडच्या, म्हणजे क्रुसापाशी होणाऱ्या लदिनीच्या प्रार्थनेत, या माणसांना पुढच्या खुर्चीवर बसवून भाषण ऐकवू नका. त्यांना पाळी द्या. समईत तेल घालायची, घंटेची, रात्र जागायची. आयुष्यभर ते पाळीवर जगलेत. आणि ते गप्प बसले तर गप्प बसू द्या, "लढाईत किती मारले?" असं विचारू नका. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत विचारतात हो हे!

ते म्हातारे आता नाहीत. मामांचे गुडघे गेलेत, खुर्ची घेऊन बसतात. यंदाही भटजींनी यादी वाचली, दोन ते चारला कुणाचं नाव विचारलंच नाही.

नमस्कार.