एमआरआयच्या फिल्मवर तेच पाणी कधी काळं, कधी पांढरं का दिसतं?

नमस्कार मंडळी. माझ्या हातात ही कंबरेच्या एमआरआयची फिल्म आहे. निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर, आपल्या भागात कंबरदुखी घरोघरी. कुणी ऊस तोडतो, कुणी तंबाखूच्या शेतात दिवसभर वाकून असतं, कुणी उद्यमबागेत फौंड्रीत ओझी उचलतो. मग बेळगावला जायचं, एमआरआय काढायचा आणि ती भली मोठी पिशवी घेऊन घरी यायचं. रिपोर्ट इंग्रजीत. मग कुणीतरी फिल्म खिडकीला धरतं आणि मावशी विचारतात, "हे पांढरं काय रे? पू झालाय काय?" या एका प्रश्नापायी माणसं रात्रभर जागी राहतात, म्हणून हा व्हिडिओ.

जवळून बघा. (फिल्म कॅमेऱ्याजवळ) ही दोन चित्रं एकाच माणसाची, एकाच दिवशी काढलेली. मणक्यांच्या मागचा हा उभा पट्टा म्हणजे नसांभोवतीचं पाणी. डावीकडे ते काळं आहे, उजवीकडे पांढरंशुभ्र. पाणी तेच!

एक्स-रेत पांढरं म्हणजे तिथे किरण अडले. एमआरआयमध्ये किरण नसतातच. इथला काळा-पांढरा रंग ठरतो वेळेवर.

कसा, ते सांगतो. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर असतो आणि त्याचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, हे इवलंसं चुंबक असतं. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मशीनमध्ये गेल्यावर या चुंबकांचा कल किंचित मशीनच्या चुंबकाच्या दिशेला होतो. मग सुमारे 64 मेगाहर्ट्झची रेडिओलहर सोडून तो कल आडवा पाडतात. लहर थांबली की दोन गोष्टी सुरू होतात. कल हळूहळू पुन्हा मूळ दिशेला भरत येतो, तो वेळ टी-वन. आणि एका तालात फिरणाऱ्या चुंबकांचा ताल बिघडत जातो, सिग्नल विरतो, तो वेळ टी-टू.

हे वेळ प्रत्येक ऊतीचे, म्हणजे पेशीजालाचे, वेगळे. 1.5 टेस्लावर चरबीचा टी-वन सेकंदाचा साधारण पाव भाग, तर मेंदू-मणक्यातल्या पाण्याचा चारेक सेकंद. कारण ऊर्जा लवकर सोडायची, तर रेणूंची गरगर त्या 64 मेगाहर्ट्झच्या आसपास हवी. चरबीच्या रेणूंची गरगर तिथे बरीचशी जुळते. मोकळ्या पाण्याचे रेणू फारच वेगाने गरगरतात, त्यामुळे ऊर्जा सोडायला त्यांना उशीर लागतो. पण त्याच वेगामुळे शेजारच्या चुंबकांचा त्रास सरासरीत मिटून जातो आणि पाण्याचा ताल खूप वेळ टिकतो. मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते: एकच कारण, आणि पाणी एका चित्रात काळं, दुसऱ्यात पांढरं.

आता मशीन काय करतं? दांडीवर घोंगडी, सुती धोतर आणि नायलॉनची साडी एकदम वाळत घाला. लगेच हात लावला तर सगळंच ओलं, दुसऱ्या दिवशी लावला तर सगळंच सुकं. फरक कळतो तो मधल्या वेळी. तंत्रज्ञ नेमकी ती मधली वेळ निवडतात. दोन लहरींमधलं अंतर म्हणजे टीआर, आणि लहरीनंतर सिग्नल कधी ऐकायचा तो टीई. टीआर अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणि टीई अगदी कमी ठेवला, तर चरबीचा कल भरून आलेला असतो, पाण्याचा नाही. हे टी-वन चित्र, पाणी काळं. टीआर दोन-चार सेकंद आणि टीई 100 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला, की बाकीच्यांचा ताल मोडलेला, पाण्याचा शाबूत. हे टी-टू.

म्हणून फिल्म हातात आली की आधी तो पाण्याचा पट्टा बघायचा. पांढरा असेल तर चित्र टी-टू.

आता त्याच चित्रात मणक्यांमधल्या चकत्या बघा, म्हणजे डिस्क. वरच्या तिन्ही मधोमध उजळ आहेत. निरोगी डिस्कच्या गाभ्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू असतात. वयाने, झिजेने ते कमी होतात, पाणी घटतं, टी-टू आखूड होतो. ही खालची, एल-फोर आणि एल-फाइव्हच्या, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या, मधली, बघा कशी काळी पडलीय. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या फिल्मवरही अशी काळी डिस्क सापडते. नुसता काळा रंग बघून ऑपरेशनची धास्ती घेऊ नका. नस दाबली जाते का, पायात जोर आहे का, हे तपासूनच डॉक्टर ठरवतात.

मणक्याच्या हाडात मात्र गोम आहे. तिथल्या मज्जेत चरबी असते आणि आजकालच्या टी-टू चित्रात चरबीही उजळ येते. क्षयरोगाची सूज त्या उजेडात लपू शकते. म्हणून चरबीचा सिग्नल दाबून तिसरं चित्र काढतात, त्याला स्टर म्हणतात. त्यात सूज ठळक उठते.

गाठींच्या ऊतींचे हे टी-वन, टी-टू वेळ निरोगी ऊतींपेक्षा लांब असतात, हे रेमंड दमादियन यांनी 1971 साली उंदरांच्या ऊतींवर दाखवलं होतं. चित्र काढायची युक्ती पॉल लॉटरबर यांनी 1973 साली मांडली.

कधी कधी मध्येच हाताला इंजेक्शन देतात. ते गॅडोलिनियम या धातूचं औषध. ते स्वतः दिसत नाही, जिथे पोचतं तिथल्या पाण्याचा टी-वन आखूड करतं, म्हणून ती जागा टी-वन चित्रात उजळते. ते लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे किडनीचा जुना त्रास असेल तर मशीनवर झोपायच्या आधीच सांगा, आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट असेल तर सोबत न्या.