सातपुड्याच्या कुशीत आभासी जगाचा दवाखाना

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैलीचा घाट पावसाळ्यात दरडी कोसळून अनेकदा बंद पडतो, आणि पलीकडच्या पाड्यांवरून रुग्णाला आजही प्रसंगी बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर दवाखाना बोटीवरून येतो. अशा ठिकाणी व्हर्च्युअल रिअॅलिटीची, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून शिरता येणाऱ्या आभासी जगाची चर्चा कोणाला अस्थानी वाटेल. आम्हांला मात्र वाटते की, तज्ज्ञ डॉक्टर जिथून सर्वांत दूर आहेत, तिथेच हे तंत्र आधी पारखून पाहावे.

भाजलेल्या रुग्णांपासून सुरुवात करू. जखमेला चिकटलेली पट्टी भिजवून हळूहळू सोडवावी लागते, मृत कातडी काढावी लागते, आणि वेदनाशामक देऊनही ड्रेसिंगची गाडी वॉर्डात दिसली की लहान मुले रडू लागतात. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी जग घडवले. हेडसेट घातलेला रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत जातो, हिममानवांवर आणि पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो, आणि तेवढ्या वेळात सिस्टर आपले काम उरकतात. वेदना जाणवण्यासाठीही मेंदूला लक्ष द्यावे लागते. ते लक्ष दुसरीकडे गुंतले की वेदनेची तीव्रता कमी होते. रुग्णांनी तसे सांगितलेच, शिवाय निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूच्या प्रतिमांतही वेदनेशी निगडित भागांची हालचाल मंदावलेली दिसली. औषध यामुळे बंद होत नाही. औषधाला जोड मिळते.

मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या जळगाव-भुसावळच्या मुलाला बर्फाची दरी कितपत आपली वाटेल, हे त्यालाच विचारावे. कदाचित त्याचे मन तापीच्या डोहात किंवा तोरणमाळच्या पावसात अधिक रमेल.

खानदेशाच्या दृष्टीने याहून जवळचा प्रश्न सिकलसेलचा आहे. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा उठतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणीवर मोठा भर आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्याचे निदान झाले आहे, त्याच्या कळा थांबलेल्या नाहीत. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे सिकलसेलच्या कळांमुळे दाखल झालेल्या मुलांना अशा आभासी जगात थोडा वेळ नेले, तेव्हा त्यांची वेदना कमी झाल्याचे नोंदले गेले. अभ्यास लहान होता, म्हणूनच तो इथे, इथल्या रुग्णांसोबत, काटेकोरपणे पुन्हा व्हावा.

प्रशिक्षणातही या तंत्राला जागा आहे. येल विद्यापीठाच्या २००२ सालच्या प्रसिद्ध चाचणीत आभासी सरावयंत्रावर हात बसवलेल्या शिकाऊ शल्यचिकित्सकांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के जलद केले. आपल्याकडे मात्र आरोग्यसेविकेला बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ओळखण्याचा सराव आधी मिळावा. चादरीवर पसरलेले रक्त डोळ्यांना अनेकदा प्रत्यक्षाहून कमी वाटते, आणि ही नजर आभासी प्रसूतिगृहात पुन:पुन्हा घडवता येते. गर्भाशय घट्ट झाले की नाही, हे बोटांना कळावे लागते. ते हेडसेट शिकवत नाही, त्यासाठी मॅनिकिन, म्हणजे सरावाचा मानवी पुतळा, आणि अनुभवी सिस्टरच हवी.

काही अटी सोडून चालणार नाहीत. आकडी येणाऱ्या रुग्णाला हेडसेट देण्यापूर्वी डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे, काहींना त्यात गरगरते व मळमळते, आणि एका रुग्णाचा हेडसेट दुसऱ्याला देण्यापूर्वी तो निर्जंतुक करावा लागतो. सगळी सामग्री यंत्रातच साठवलेली असावी, कारण घाटापलीकडे मोबाइलची रेंज टिकत नाही. आणि त्यातला आवाज धडगावात पावरीत, अक्कलकुव्यात भिलीत, धुळे-जळगावात अहिराणीत बोलला पाहिजे. कळा सोसणाऱ्या मुलाला अनोळखी भाषेतल्या सूचना समजून घ्यायला लावणे अन्यायाचे आहे. हे ध्वनिमुद्रण यंत्रखरेदीच्या आधी, त्या भाषा घरी बोलणाऱ्या आशाताईंना सोबत घेऊन व्हावे, आणि पहिला हेडसेट धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात यावा.